रेजिनाताई, ‘जरा’ म्हणजे किती?

तुम्ही गेल्यानंतरच्या सातव्या दिवसाच्या मिस्सात, चर्चमधल्या प्रार्थनेत, फादर म्हणाले, "रेजिनाबाई फार मऊ मनाच्या होत्या." मी मागच्या बाकावर बसले होते. डोळे सुजलेले, हातात ओला रुमाल, आणि तरीही मला हसू फुटलं. तुम्ही शेजारी असता तर मला कोपर मारून हळूच विचारलं असतंत, "मऊ? कुणी तपासलं?"

ताई, मला तरी सुरुवातीला तुम्ही अजिबात मऊ वाटला नव्हतात.

चांदीपहून सकाळची पहिली एसटी पकडून मी तुमच्या लॅबमध्ये आले, तो दिवस आठवतो. डिप्लोमाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. तो तुम्ही पाहिलासुद्धा नाहीत. "हात धू," म्हणालात. मी धुतले. "परत धू." परत धुतले. "आणखी एकदा." तिसऱ्या वेळी माझ्या हातांकडे पाहत म्हणालात, "हां. दोन्ही वेळा अंगठे राहिले होते." एवढंच आमचं स्वागत.

वसई गावातली ती दोन खोल्यांची लॅब. खाली स्टेशनरीचं दुकान, वर चढायला अरुंद जिना. मालक डॉक्टर अकराला येऊन सह्या करून जात. बाकी लॅब म्हणजे तुम्हीच. तुमचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण भिंतीपेक्षा पक्के होते. पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही. पूर्ण नाव त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "माणूस इथे घाबरून बसलेला असतो गं. तू त्याला राजा म्हटलंस तरी तो हो म्हणेल." दुसरा नियम, ट्यूबवर नाव आधी लिहून ठेवायचं नाही. रक्त काढल्यावर, पेशंट समोर बसलेला असतानाच लिहायचं.

मला ते सगळं वेळखाऊ वाटायचं. बाहेर बाकावर वीस माणसं उपाशीपोटी ताटकळत बसलेली, आणि आपण एकेकाचं पूर्ण नाव ऐकत बसायचं! तुम्ही आतल्या खोलीत असलात की मी चार-पाच ट्यूबांवर आधीच नावं घालून ठेवायची. आठ महिने ते खपलं.

मग तो श्रावणातला रविवार आला. त्या दिवशी बाकावर दोन सुनीता पाटील बसल्या होत्या. आपल्या तालुक्यात त्यात नवल काहीच नाही. एक नायगावची, नेहमीच्या तपासणीला आलेली. दुसरी चिंचोटीची, नववा महिना लागलेली, तिला हिमोग्लोबिन आणि रक्तगट करून हवा होता. मी दोन्ही ट्यूबांवर नाव आणि गाव लिहून ठेवलं होतं. हाक मारली, "सुनीता पाटील?" एक उठून आली. मी म्हटलं, "चिंचोटीच्या ना?" ती "हो" म्हणाली. ती नायगावची होती. तिने बहुतेक आधीच्या हाकेतलं फक्त ‘पाटील’ ऐकलं असावं, आणि मग चिंचोटीवालीचं रक्त नायगावच्या ट्यूबमध्ये गेलं.

रिपोर्ट तयार झाले, डॉक्टरांची सही झाली, चिंचोटीवाल्या सुनीताचा नवरा दुपारी येऊन तिचा कागद घेऊनही गेला. तुम्ही जेवायला बसायच्या आधी दिवसभराच्या रिपोर्टांच्या प्रती चाळत होतात. एका कागदावर तुमचं बोट थांबलं.

"ही चिंचोटीची ना? पोटुशी? हिचं हिमोग्लोबिन पावणेतेरा?"

"मशीनवर तेच आलंय," मी म्हटलं.

"मशीनने तिला पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. जिना चढून आली तेव्हा उभं राहवत नव्हतं तिला, ओठ कागदासारखे पांढरे." मग तुम्ही दुसऱ्या सुनीताचा कागद काढलात. तिचं हिमोग्लोबिन सातच्या आसपास, आणि ती तर मघाशी जिन्यात कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत उतरली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीच म्हटलं, "नावं मी आधी लिहिली होती."

मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही डब्याचं झाकण परत लावलंत आणि फोन उचललात. नायगावची सुनीता लगेच सापडली. तिला आपण सात हिमोग्लोबिनचा कागद देऊन घाबरवून ठेवलं होतं. "तरीच म्हटलं, मी तर अख्ख्या बिल्डिंगचे जिने चढते," असं म्हणत ती स्वतःच परत रक्त द्यायला निघाली. चिंचोटीवाल्याचा फोन मात्र लागेना. पाच वेळा लावलात, सहाव्यांदा लावलात, मग सॅम्पलची पेटी खांद्याला अडकवून मला म्हणालात, "चल."

चिंचोटीच्या धबधब्याला निघालेल्या मोटारसायकलींनी रस्ता भरून गेला होता. रिक्षावाल्याने आपल्याला हायवेच्या अलीकडेच उतरवलं. टॉवेल गळ्यात घालून ओरडत चाललेल्या त्या ओल्या पोरांमधून आपण दोघी पायी निघालो, तुम्ही पेटी छातीशी धरलेली. चहाच्या टपरीवर सुनीता पाटीलचं घर विचारलं तर टपरीवाला म्हणाला, "कुठली? इथली लेक की इथली सून?" सून, दिवस भरत आलेली, असं सांगितल्यावर त्याने देवळामागची वाट दाखवली.

घर सापडलं. सासू ओट्यावर भाजी निवडत होती. "कागद तर मिलाला ना मुलाला," ती म्हणाली, "आनि काय राहिलं?"

तुम्ही चपला काढल्यात आणि उभ्यानेच बोललात. "आजी, सकाळचा रिपोर्ट चुकीचा आहे. चूक आमची आहे. दुसऱ्या बाईचं रक्त तुमच्या सुनेच्या नावावर गेलं. परत काढायला आलोय."

एवढंच. आधी प्रस्तावना नाही, मागून सारवासारव नाही. आतून नवरा आला. मोठमोठ्याने बोलायला लागला, झोपेत काम करता काय, लोकांच्या जिवाशी खेळ करता काय. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. तुम्ही त्याला पूर्ण बोलू दिलंत. तो दमल्यावर म्हणालात, "तुमचा राग बरोबर आहे." आणि मग, ताई, तुम्ही ते केलंत जे मी कितीतरी वर्षं तुम्हाला माफ केलं नाही. माझ्याकडे हात करून म्हणालात, "सकाळी रक्त हिने काढलं होतं. आत्ताही हीच काढेल. तुमची हरकत नसेल तर."

"हिला हात लावू देनार नाही मी!" नवरा म्हणाला.

सुनीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्याच वयाची असेल. ती खाली बसली आणि हात पुढे करून नवऱ्याला म्हणाली, "काढू दे रे तिला. बघ तरी तिच्याकडं. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलीय."

मी रक्त काढलं. आधी तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून वदवून घेतलं, मग सुई लावली. एका टोचण्यात झालं. मग तिच्यासमोर बसून ट्यूबवर तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि अक्षर इतकं वाकडं आलं की तुम्ही ते पुसून मला परत लिहायला लावलंत.

परतीच्या बसमध्ये मी रडत रडत तुमच्याशी भांडले. म्हटलं, रक्त तुम्हीही काढू शकला असतात. सगळ्या गावासमोर माझ्याकडे हात करायची काय गरज होती? आणि हॉस्पिटलवाले रक्त देण्याआधी गट परत तपासतातच, असं काय आभाळ कोसळणार होतं?

तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. म्हणालात, "पुढचा तपासेल म्हणून मागच्याने सोडून द्यायचं. मागच्याने तपासलंय म्हणून पुढच्याने सोडून द्यायचं. मग तपासलं कुणी, वैशाली?"

माझं म्हणणं तुम्हाला पटलं असं नाही, आणि तुमचंही मला पटलेलं नव्हतं.

सुनीताचं खरं हिमोग्लोबिन सातला टेकलेलं होतं. गटही वेगळा निघाला. त्याच संध्याकाळी तुम्ही तिच्या डॉक्टरला फोन केलात, दुसऱ्या दिवशी तिला दाखल केलं, रक्त चढवलं. पावणेतेराचा कागद हातात घेऊन ती बाळंतपणाला गेली असती तर काय झालं असतं, ते तुम्ही मला एकदाही बोलून दाखवलं नाहीत. दोन आठवड्यांनी काचपट्ट्या पुसता पुसता म्हणालात, "मुलगी झाली चिंचोटीला. दोन किलो सातशे. दोघी बऱ्या आहेत." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुम्ही बाहेरून म्हणालात, "पाणी वाया जातंय."

महिन्याभरात मी नोकरी सोडली. निघताना तुम्हाला म्हटलं, "तुम्हाला माणसं नकोतच, मशीन पाहिजेत." तुम्ही खुर्चीत बसून होतात. त्या वाक्याबद्दल मी तुमची माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतर नऊ वर्षं एका टेबलावर काम केलं तेव्हाही नाही. आज मागते. तुमच्यासमोर मागायला हवी होती, ते राहून गेलं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. विरारच्या त्या मोठ्या सेंटरमध्ये मी लागले. तिथे थंडगार एसी, बारकोडचे स्टिकर, आणि तासाला किती पेशंट झाले ते पाहणारा सुपरवायझर. नाव विचारायची गरजच नाही, स्टिकर सगळं सांगतो, असं पहिल्याच दिवशी शिकवलं. पण तोंडाला सवय लागली होती. मी प्रत्येकाला पूर्ण नाव विचारायची आणि सुपरवायझरची बोलणी खायची. एका सकाळी समोरच्या काकांनी सांगितलेलं नाव आणि माझ्या हातातल्या स्टिकरवरचं नाव निराळंच निघालं. काउंटरवर दोघांचे स्टिकर एकमेकांत गेले होते. सुपरवायझर धावत आला, परत स्टिकर छापले, आणि दुपारी माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला. मी तुमचा नंबर काढला. अंगठा बटणावर ठेवला. आणि फोन ठेवून दिला. काय सांगणार होते? की तुम्ही बरोबर होतात? एवढं मोठं मन तेव्हा नव्हतं माझं.

पुन्हा जुळलं ते माझ्या बाबांमुळे. त्यांना साखर तपासायची होती. मी म्हटलं, माझ्या सेंटरला चला. ते म्हणाले, नाही, त्या वसईच्या बाईकडेच जानार. न सांगता गेले, आणि दहा वाजता घरी परत. रागाने लाल, पण मिशीत हसत होते.

"परत पाठवलं मला!" ते आईला सांगत होते. "इचारते, काका, खरं सांगा, चहा घेतलात? म्हटलं, अर्धाच कप. तर म्हनते, अर्धा कप घेतलेल्या मानसाची साखर मला काढता येत नाही, उद्या उपाशी या. अग, मी चांदीपवरून गेलो, इतक्या लांबून! तर म्हनते, म्हनून तर खोटा आकडा घेऊन पाठवत नाही तुम्हाला इतक्या लांब."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. कडकडीत उपाशी, पाण्याच्या घोटालासुद्धा आईला विचारून. मी खूप दिवसांनी इतकी हसले. त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. "हॅलो" म्हटल्यावर तुम्ही तीन वर्षांचा अबोला असा पुसून टाकलात: "वैशाली, तुझे बाबा खोटं बोलत नाहीत, हे चांगलं आहे. येत्येस का परत? दोन खुर्च्या आहेत, एक रिकामीच असते."

मी आले. नंतरची वर्षं फार चांगली गेली, ताई. हे मला शोक करतानाही नीट आठवून ठेवायचंय. हिवाळ्यात तुम्ही वाडीतली केळी वाळवून सुकेळी करायचात. एकेक केळं सोलून, चटईवर पसरून, दिवसातून तीनदा परतून, शेवटी सुक्या पानात बांधून. एका वर्षी थोडी माशी बसली म्हणून अख्खी चटई खताच्या खड्ड्यात टाकलीत. तुमची बहीण फोनवर तुमच्या घरच्या बोलीत तुम्हाला इतकी बोलली, की मला निम्मं कळलं नाही तरी सूर कळला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी जे खाणार नाही ते लोकांना कसं देऊ?" पुढच्या चटईतली पहिली सुकेळी माझ्या बाबांना पाठवलीत, सोबत चिठ्ठी: साखर तपासून झाल्यावरच, एकच.

आता कळतं, लॅबमध्ये जी बाई होती तीच वाडीत होती. तुम्ही नोकरीपुरत्या काटेकोर नव्हतात. समोरचा माणूस तुम्हाला खरा वाटायचा, म्हणून त्याच्याबद्दलची प्रत्येक बारीक गोष्ट खरी असावी लागायची. फादर ज्याला मऊपणा म्हणाले तो बहुतेक हाच. मला ओळखायला उशीर लागला.

मग गेल्या वर्षी तुमचं अंग दुखायला लागलं, काळेनिळे डाग उठायला लागले. रक्ताच्या कॅन्सरचं निदान तुम्हाला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. दर आठवड्याला मी तुमच्या घरी येऊन रक्त काढायची. पहिल्या दिवशी मी रबर बांधायला गेले तर हात मागे घेतलात.

"विचार."

"ताई, काहीतरीच काय! मी तुम्हाला ओळखत नाही का?"

"विचार गं."

मी विचारलं. "रेजिना इनास लोपीस," तुम्ही म्हणालात, "वय त्रेसष्ट," आणि माझा चेहरा पाहून हसलात. "आता काढ. आणि रडून शीर चुकवू नकोस."

शेवटच्या महिन्यात एक दिवस तुमच्या प्लेटलेट फारच खाली आल्या. तीनदा तपासलं, तेच. फोनवर तुम्ही आकडा विचारलात. मी म्हटलं, "जरा कमी आहेत, ताई."

"जरा म्हणजे किती?"

"म्हणजे... थोड्या."

"वैशाली, जरा हा आकडा नाही."

मी सांगितलं. नऊ हजार. पलीकडे तुमच्या अंगणातल्या पोपटांचा कलकलाट ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "बरं. मग सुकेळी उद्याच बांधायला घेते." आणि फोन ठेवता ठेवता, "थँक्यू हं. तू लपवलं असतंस तर माझे हे दिवस वाया गेले असते."

तुम्ही सुकेळी बांधलीत. बहिणीशी अलीकडे जुन्या विहिरीच्या वाट्यावरून धरलेला अबोला सोडलात. नवऱ्याच्या कबरीवरचा वाकडा झालेला क्रॉस सरळ करून घेतलात. सतरा दिवस मिळाले, आणि तुम्ही ते सतराही वापरलेत. मी ‘जरा’वर थांबले असते तर ते मिळाले नसते, हे आठवलं की मला माझ्याबद्दल थोडं बरं वाटतं.

आपलं चिंचोटीचं भांडण मात्र मिटलेलं नाही. चूक जाऊन सांगायलाच हवी होती, हे मी केव्हाच मान्य केलंय. रक्त मीच काढायला हवं होतं, हेही कबूल. तुम्ही मला शिक्षा देत नव्हतात. माझा हात कायमचा घाबरून बसू नये, म्हणून त्याच दिवशी तो कामाला लावत होतात. पण ताई, रिक्षात एवढा वेळ होता. तिथे मला सांगायला हवं होतंत की पुढे काय होणार आहे. मला निवडू द्यायला हवं होतंत. यात तुमचं चुकलंच, आणि तुम्ही असता तर हे आज मी तुमच्या तोंडावर बोलले असते.

परवाची गोष्ट सांगते. आपल्याकडे ज्योती आहे, तुम्हाला ठाऊक आहे, मुलं मोठी झाल्यावर चाळिशीत पुन्हा कामाला लागलेली. ती साडेबाराला माझ्याजवळ आली. म्हणाली, "वैशाली, मला खात्री नाही, पण मघाचे ते पापडी गावातले रिटायर्ड मास्तर... त्यांचं रक्त काढताना फोन वाजला. लेबल त्यांच्यासमोर लावलं की नंतर, आठवत नाही." कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. ती आपणहून सांगायला आली, आणि सांगताना मान खाली नव्हती तिची.

मी पेटी उचलली. जिना उतरताना तिला म्हटलं, "सॉरी आपण दोघींनी म्हणायचं. मास्तर चिडतील, त्यांना बोलू द्यायचं. रक्त मी काढू की तू?"

ती दोन पायऱ्या उतरली, थांबली. "मीच काढते."

मास्तर चिडले नाहीत. उलट आम्हाला बसवून सरबत दिलं आणि शाळेत पेपर तपासताना बेरीज दोनदा करायची सवय कशी लागली, ते अर्धा तास सांगत बसले. आम्ही परत आलो, तपासलं. सगळे आकडे सकाळसारखेच. ज्योतीची चूक झालेलीच नव्हती.

"फुकट फेरी झाली गं," ती ओशाळून म्हणाली.

"आता खात्री आहे ना?"

"आता आहे."

मी रिपोर्टवर तपासल्याची सही केली. दोन वाजून गेले होते, आणि फार भूक लागली होती, ताई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही दोघींनी हात धुतले, डबे उघडले, आणि पोटभर जेवलो.